आधी हवा, मग पेट्रोल, लॅपटॉप शेवटी

बाबू, तो लॅपटॉप आधी मिटव. चार थ्रॉटल बॉडीच्या इंजिनाला सुरुवातीला लागतात ते पाने, फिलर गेज, टॉर्च आणि हातभर रबरी नळी. एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन उतरवून तू रेसचा कॅम टाकलास, कंपनीचा मॅनिफोल्ड काढून जपानी सुपरबाइकच्या चार बॉडी बसवल्यास. इथवर काम नीट झालं आहे. आता गाडी स्लो स्पीडला लंगडते, जरा पाय दिला की खोकते, आणि तू मॅपमधले आकडे वरखाली करत बसला आहेस. लोखंडातला दोष आकड्यांनी झाकता येतो, पण जात नाही. ऊन बदललं की तो पुन्हा डोकं वर काढतो, आणि तेव्हा तू वर्ध्यात नसतोस, ट्रॅकवर असतोस.

साध्या गाडीत थ्रॉटल एक, त्याच्यामागं हवेची पेटी, आणि पेटीतून चार नळ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला थोडं कमीजास्त झालं तरी पेटीत ते सांभाळून घेतलं जातं. तिफणीचं चाडं एक आणि मूठही एकाच बाईची असते, तसं ते आहे. चार थ्रॉटल म्हणजे प्रत्येक तासाला वेगळा सरता आणि वेगळा हात. एकीनं दाणे विरळ सोडले तर ते तास विरळच उगवणार, शेजारचं तास भरपाई करत नाही. तरी लोक हा उपद्व्याप काहून करतात? कारण बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या अगदी जवळ येते. मधे भरायला आणि रिकामी व्हायला पेटीच नसते, म्हणून पाय हलला की इंजिन हलतं. रेसच्या कॅममध्ये आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. अशा वेळी एका सिलिंडरचा उलटा झोत शेजाऱ्याची हवा नासवत नाही. शिवाय थ्रॉटलच्या तोंडावरच्या नळीची, म्हणजे ट्रम्पेटची लांबी जमवली की ठरावीक आरपीएमला हवेची लाट व्हॉल्व्ह मिटायच्या आत सिलिंडरमध्ये शिरते. टर्बो नसलेल्या इंजिनाला फुकट मिळणारी गोष्ट ती एवढीच. १९८६च्या बीएमडब्ल्यू एम३नं चार थ्रॉटल घेतले ते यासाठीच, आणि १९९१मध्ये टोयोटानं १६०० सीसीच्या वीस व्हॉल्व्हच्या इंजिनावर चार बसवले तेही यासाठीच.

तुझ्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीवर हे शिकायला मिळणं शक्यच नव्हतं. तिथला नियमच असा आहे की इंजिनात जाणारी सगळी हवा एकाच गोल भोकातून जायची, पेट्रोलच्या गाडीला २० मिलिमीटरच्या. म्हणजे थ्रॉटल एकच. त्या गाडीवर तू मॅपिंग उत्तम शिकलास, ते वाया जाणार नाही, फक्त त्याची पाळी शेवटी येते.

मी हे शिकलो राजदूत ३५०वर. १९८३मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाची ती दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आणली. दोन सिलिंडर, दोन मिकुनी कार्ब्युरेटर. गावात कुणी ती घेऊन आलं की निम्मे मेकॅनिक आज वेळ नाही म्हणायचे. मुठीतून निघालेली एक केबल पुढं दोन केबलींत फुटायची आणि एकेक स्लाइड उचलायची. माझ्या उस्तादांची पद्धत साधी होती. फिल्टरचे रबर काढायचे, दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडांत एकेक बोट घालून स्लाइडला टेकवायचं, आणि पोराला सांगायचं, मूठ हळू फिरव, अगदी हळू. दोन्ही बोटांना स्लाइड सुटल्याचं एकाच क्षणी कळलं पाहिजे. पूर्ण मिटलेल्या जागी दोन्ही सारख्या आहेत की नाहीत याला ते फार महत्त्व देत नसत. सुटताना सारख्या सुटतात का, एवढंच बघायचे. तुझ्या चार बटरफ्लायनाही हाच नियम. स्लो स्पीडला थोडा फरक राहिला तर गाडी जरा थरथरेल, बाकी काही बिघडणार नाही. पण वळणातून बाहेर पडताना पाय टेकवतोस त्या पहिल्या दोन-तीन अंशांत फरक असेल तर चाकं कधी सुटतील याचा भरवसा नाही. रॉयल एनफिल्डच्या कॉन्टिनेंटल जीटी ६५०लाही दोन सिलिंडरना दोन थ्रॉटल आहेत, आणि २०२१पासून त्याच गाड्यांची स्वतंत्र रेस मालिका भरते. ती गाडी आपल्याकडं कुणाची मिळाली तर तिच्यावर हात बसवून घे. चारापेक्षा दोन सोपे.

आता इंजिनाकडं ये. थ्रॉटलच्या कुठल्याही स्क्रूला हात लावायच्या आधी टॅपेट बघ, थंड इंजिनावर, फिलर गेज घालून. एका सिलिंडरचं टॅपेट घट्ट असेल तर त्याची हवा कमी दिसेल. ती तू स्क्रूनं भरून काढशील आणि पुढं सगळंच तिरपं होत जाईल. मग कॉम्प्रेशन घे. कॉम्प्रेशन घेताना चारही थ्रॉटल पूर्ण उघडे हवेत, नाहीतर गेजला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिन मेलेलं दिसतं. बॅटरी भरलेली हवी. चार आकड्यांत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर थ्रॉटलचं काम तिथंच थांबव आणि हेडकडं वळ.

हवेची गळती शोधायला पुष्कळ जण कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी, मे महिन्यात, बंद गॅरेजमध्ये? नको. फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घे. इंजिन स्लो स्पीडला चालू ठेवून बॉडी आणि हेड यांच्या मधल्या रबरावर, क्लिपच्या कडेनं बारीक फवारा मार. गळती असेल तिथं पाणी क्षणभर भोक बुजवतं आणि आवाज बदलतो. मग तो क्लिप आवळायचा, किंवा रबरच नवं घालायचं. बाइकवरून काढलेल्या जुन्या बॉडीचे रबर बहुतेक वेळा कडक झालेले असतात. त्यांत पैसे वाचवू नकोस.

बाइकच्या बॉडीत आणखी एक भानगड असते. सुझुकीच्या जीएसएक्स-आरसारख्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक तोंडात दोन बटरफ्लाय असतात. एक तुझ्या मुठीची, दुसरी कंप्युटरची. दुसरी काढून टाक, तिचा स्पिंडलही काढ आणि राहिलेली भोकं पक्की बुजव. ती तशीच ठेवून मग वरच्या आरपीएमला दम काहून नाही म्हणून रडणारे मी पाहिले आहेत.

बटरफ्लाय बसवणं हे यातलं सगळ्यात नाजूक काम, म्हणून ते नीट सांगतो. बॉडी टेबलावर घे. बटरफ्लायचे दोन्ही स्क्रू थोडे सैल कर, पूर्ण काढू नको. स्टॉप स्क्रू मागं घे म्हणजे बटरफ्लाय पूर्ण मिटेल. आता स्पिंडल दोन-तीनदा उघडून सोडून दे, चट् असा आवाज येईल. सैल असल्यामुळं ती चकती आपली जागा आपणच शोधते. मग खोलीतला दिवा घालव आणि मागून टॉर्च धर. चकतीच्या कडेनं उजेडाची बारीक रेघ दिसते. ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला जाड चंद्रकोर आणि दुसरीकडं काळोख असेल तर चकती तिरपी बसली आहे, किंवा उलटी घातली आहे. चकतीची कड सरळ नसते, थोड्या कोनात कापलेली असते, म्हणून ती एकाच बाजूनं बरोबर बसते. रेघ जमली की चकती बोटानं दाबून धरून स्क्रू आवळ. थ्रेडलॉक लाव, आणि जमत असेल तर स्क्रूचं मागचं टोक हलकं ठोकून पसरव. हा स्क्रू सुटला तर त्याला जायला एकच वाट आहे, थेट पिस्टनवर. चार बॉडीत असे आठ स्क्रू. आठही स्वतःच्या हातानं आवळ, दुसऱ्यावर सोडू नकोस.

बाइकच्या बॉडी एकमेकींना फार जवळ असतात आणि गाडीच्या हेडचे पोर्ट लांब. म्हणून तू त्या सुट्या करून चौघींना जोडणारी नवी दांडी घातलीस. इथं आपल्या उन्हाचं गणित येतं. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. पहिल्या आणि चौथ्या बॉडीत ३०० मिलिमीटर अंतर धर. हेड तीस अंशांवरून पंच्याण्णववर गेलं की तेवढ्या लांबीत साडेचार दशांश मिलिमीटर वाढतं. बाहेर हवेत असलेली पोलादी दांडी साठ अंशांपर्यंतच तापते, ती जेमतेम एक दशांश वाढते. फरक साडेतीन दशांशाच्या आसपास. दांडीचा हात सत्तावीस मिलिमीटरचा असेल तर चौथी बटरफ्लाय पहिलीपेक्षा पाऊण अंशानं पुढंमागं होते. स्लो स्पीडला सगळी बटरफ्लायच दोन-चार अंश उघडी असते, त्यात पाऊण अंश म्हणजे सगळा कारभार बदलला. म्हणून थंड इंजिनावर जमवलेलं काहीही गृहीत धरू नकोस. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होऊ दे, मगच गेज लाव. आणि शक्य असेल तर पायाची केबल दांडीच्या मधोमध जोड, म्हणजे फरक दोन्हीकडं निम्मा-निम्मा वाटला जातो.

दांडीच्या बॉल जॉइंटमध्ये ढिलाई चालणार नाही. दोन बोटांत धरून हलवल्यावर टिक् असं लागलं तरी तो बदल. परतीच्या स्प्रिंगा दोन हव्यात, एक तुटली तरी दुसरी थ्रॉटल मिटवेल अशा. आणि पूर्ण उघडतं का हे हातानं दांडी ओढून बघू नकोस. कुणाला तरी सीटवर बसव, बूट घालून पेडल दाबायला सांग, आणि तू ट्रम्पेटमधून बघ. चकती कडेवर उभी दिसली पाहिजे. हातानं शंभर टक्के उघडणारा थ्रॉटल पायानं नव्वदच उघडतो, असं कितीतरी गाड्यांत निघतं. पेडलचा स्टॉप जमिनीला असावा. सगळा जोर स्पिंडलवर आला तर तो पिळतो.

आता चार तोंडांची हवा सारखी करू. चांगलं साधन म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडावर धरायचा हवेचा मीटर, तो ताशी किती किलो हवा जाते ते दाखवतो. ते नसेल तर चार व्हॅक्यूम गेज. पण गेज विकत आणले आणि लावले असं करू नकोस. आधी चारही गेज आळीपाळीनं एकाच सिलिंडरला लावून बघ. त्यांच्यातच फरक असतो, तो कागदावर लिहून ठेव. रेसच्या कॅमवर सुई थयथयाट करते, म्हणून नळीत कार्ब्युरेटरचा बारीक जेट अडकव. चारही नळ्यांची लांबी आणि चारही जेट सारखेच हवेत.

क्रम असा ठेव. बाजूच्या हवेचे चारही बारीक स्क्रू, ज्यांना एअर ब्लीड म्हणतात, ते हलक्या हातानं पूर्ण बंद कर. मग दांडीचे जोड सोडून बघ की आपापल्या परीनं सगळ्यात जास्त हवा कोण घेतो. त्याला पाटील मान. बाकीचे तिघं त्याच्या बरोबरीला आणायचे, त्याला खाली ओढायचं नाही. जोड परत लावून ११००-१२०० आरपीएमला दांडीच्या स्क्रूनं चौघांना जुळव. एक स्क्रू फिरवला की थोडी रेस दे, सोड, इंजिन स्थिरावू दे, आणि चारही पुन्हा वाच. एक हलला की उरलेले तिघंही थोडे हलतात. मग पेडलखाली ठोकळा घालून २५०० ते ३००० आरपीएमला धर आणि पुन्हा वाच. खरी परीक्षा ती. स्लो स्पीडला जुळतात आणि ३०००ला फाटतात, तर दोष दांडीत, ढिलाईत किंवा चकतीच्या बसणीत आहे. ३०००ला जुळतात आणि खाली फाटतात, तर उरलेला फरक एअर ब्लीडनं काढ. ब्लीडचं काम तेवढंच. ज्याला दोन-अडीच फेऱ्या उघडावं लागतं त्या सिलिंडरचा आजार दुसरीकडं आहे.

मीटर आणि गेज दोन्ही नसले तरी अडत नाही. हातभर रबरी नळी घे. एक टोक कानाशी, दुसरं ट्रम्पेटच्या कडेला, दर वेळी त्याच खोलीवर आणि त्याच जागी. दुसऱ्या कानात कापूस घाल. हवेचा फुसकारा चारही ठिकाणी एकाच पट्टीत लागला पाहिजे. जिथं हवा कमी तिथं आवाज पातळ आणि वरच्या सुरात जातो. सवयीचा कान गेजच्या फार मागं राहत नाही, रात्रीच्या शांत वेळी तर मुळीच नाही. फक्त तोंड ट्रम्पेटसमोर आणू नकोस. हे इंजिन उलटं भडकलं तर ज्वाळ ट्रम्पेटमधून बाहेर येते, भुवया जातात. नळी लांब घ्यायची ती त्यासाठीच.

एवढं झालं की सगळ्या लॉकनटांवर पांढऱ्या रंगाची रेघ मार, आणि आता उघड तुझा लॅपटॉप.

हवेच्या दाबावरून पेट्रोल ठरवायची पद्धत इथं लंगडी पडते, कारण दाबाचा संकेत अस्थिर असतो आणि थ्रॉटल पाव उघडला की खालच्या आरपीएमला तो जवळजवळ बाहेरच्या हवेइतका होतो. पुढं पाय कितीही दाब, सेन्सरला फरक कळत नाही. म्हणून थ्रॉटलची जागा आणि आरपीएम यांवरच मॅप कर. थ्रॉटलच्या ओळी समान अंतरावर ठेवू नकोस. शून्य, एक, दोन, तीन, पाच, आठ, बारा, अठरा, सत्तावीस, चाळीस, साठ, शंभर, अशा खाली दाट आणि वर विरळ ठेव. साठ ते शंभरमध्ये काही घडत नाही, दोन ते आठमध्ये सगळं घडतं. थ्रॉटल सेन्सर ज्या बॉडीला केबल ओढते तिच्यावर बसव, टोकाच्या बॉडीवर नको. पेट्रोलच्या रेग्युलेटरला एकाच सिलिंडरची व्हॅक्यूम नळी दिलीस तर प्रेशर नाचत राहील. ती नळी काढून तीन बार स्थिर ठेव, हिशेब सोपा होतो.

मागं तू म्हणालास, ‘मामाजी, वाइडबँड लीन दाखवतो म्हणून पेट्रोल वाढवलं, तर आणखीच लीन दाखवतो.’ त्याचं उत्तर असं. तो मीटर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडर मिसिंग मारत असेल तर न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि मीटर लीन म्हणतो. तू पेट्रोल ओततोस, प्लग ओला होतो, मिसिंग वाढतं, मीटर अजून लीन म्हणतो. एक्झॉस्टच्या जोडातून सेन्सरच्या आधी हवा शिरत असेल तरी हेच होतं. आकडा आणि कान यांचं जमत नसेल तेव्हा आधी कानाचं ऐक. आणि चार नळ्या एकत्र आल्यावर लावलेला एक सेन्सर सरासरी सांगतो. एक सिलिंडर रिच आणि एक लीन असला तरी सरासरी सुरेख दिसते, आणि लीनवाल्याचा पिस्टन जातो. संशय आला तर दोन आणि तीन नंबरचे इंजेक्टर अदलाबदल कर. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर वाईट, तिथंच राहिला तर हवा किंवा ठिणगी.

आकडे बोलायचे ते लॅम्डात बोल, म्हणजे पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे त्यात. पंपावर आता ई२० मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, ई२०ला साडेतेराच्या आसपास. जुन्या काळी शुद्ध पेट्रोलवर जमवलेला मॅप ई२०वर आठेक टक्के लीन जातो. पूर्ण उघड्या थ्रॉटलला ०.८८ लॅम्डा धरलास तर पेट्रोलच्या पट्टीचा मीटर १२.९ दाखवेल, मग टाकीत ई२० असो की काही. लॅम्डा म्हटलं की वाद मिटतो. प्लगचा रंग बघून निदान करायची आमची पद्धत या इंधनावर पूर्वीइतकी बोलत नाही. रंग फिका पडतो आणि सगळंच लीन वाटतं. तरी चार प्लग एकमेकांशेजारी ठेवून फरक बघायला ती अजून उत्तम आहे.

आता हवामान. वर्धा समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं. पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीसची हवा सहा टक्क्यांनी विरळ. इथं मे महिन्यात भर दुपारी मॅप जमवलास आणि तसाच चेन्नईला गेलास, तर बत्तीस अंशांची आणि समुद्रकाठची हवा सात टक्क्यांनी दाट मिळेल. तिथल्या दमटपणानं त्यातले दोनेक टक्के परत जातील. राहिले पाच. तुझा ०.८८चा लॅम्डा ०.९२ होईल, तोही लांब सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलवर. उलट कोल्हापूरला, मोहित्यांच्या ट्रॅकवर, उंचीमुळं हवा इथल्यापेक्षा साडेतीन-चार टक्क्यांनी कमी दाबाची. थ्रॉटलवर चालणाऱ्या मॅपला यातलं काही कळत नाही, म्हणून बाहेरच्या दाबाचा वेगळा सेन्सर आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर दोन्ही लाव, आणि त्यांच्या दुरुस्त्यांचे तक्ते भरून ठेव. तापमानाचा सेन्सर हेडवर किंवा बॉडीच्या धातूत घुसवू नकोस. ट्रम्पेटच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या ब्रॅकेटवर, वाहत्या हवेत ठेव. गाडी उन्हात दहा मिनिटं उभी राहिली की धातूतला सेन्सर सत्तर अंश सांगतो, हवा असते चव्वेचाळीसची. कंप्युटर आठ टक्के पेट्रोल कापतो, आणि गाडी ग्रिडवरच खोकते. तुझं ‘उन्हात परत चालू करताना त्रास होतो’ हे निम्मं यातलंच आहे.

फिल्टर लावायचाच. फोटोत उघडे ट्रम्पेट छान दिसतात, पण आपली काळी माती उन्हाळ्यात वाऱ्यावर असते, आणि हिवाळ्यात हिंगणघाटकडं जिनिंग चालू असलं की कापसाचे तंतू हवेत तरंगतात. धूळ सिलिंडर खाते, तंतू फिल्टरची जाळी गुपचूप बंद करतात. तेल लावलेला फोमचा फिल्टर घे, दर वेळी धुवून वाळव. ट्रम्पेटच्या तोंडापासून फिल्टरची भिंत निदान एका तोंडाच्या व्यासाइतकी दूर असावी. चारांपैकी एकाच तोंडासमोर भिंत जवळ आली की तो सिलिंडर वेगळा वागतो, आणि तू पुन्हा स्क्रू फिरवत बसतोस. म्हणून चौघांची हवा जुळते का हे तपासायचं ते फिल्टर काढून, आणि शेवटचा मॅप करायचा तो फिल्टर लावून.

येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढून मॅप करायचा विचार डोक्यातून काढ. तिथं मर्यादा १२०ची, आणि बाजूला बसून लॅपटॉप बघणारा पोरगा वर कधी बघतच नाही. गाडी ट्रकवर घाल, डायनोवर ने, पैसे दे. चौथ्या गिअरमध्ये धरून प्रत्येक खाना शांतपणे भर. डायनोवर पंखा मोठा आहे का ते आधी विचार. छोट्या पंख्यावर दहा मिनिटांत इंजिनभोवतीची हवा तापते आणि तू त्या तापलेल्या हवेचा मॅप घेऊन घरी येतोस.

कोइमतूरला करी स्पीडवेवर पोचल्यावर पहिल्या सकाळी दांडीला हात लावू नकोस. पांढऱ्या रेघा जागेवर आहेत का बघ, टॅपेट बघ, गरम करून एकदा ३०००ला चार आकडे वाच. वर्ध्यात वहीत लिहून ठेवलेल्या आकड्यांशी जुळले तर पाने पेटीत ठेव. ट्रॅकवर शेजारचे लोक सल्ले देतील, चहा घे, ऐक, स्क्रू फिरवू नकोस. सोबत बटरफ्लायचे जास्तीचे स्क्रू, थ्रेडलॉक, एक बॉल जॉइंट, रबर, क्लिप आणि आग विझवायचा सिलिंडर. आणि सरावाच्या फेऱ्यांनंतर प्लग काढशील तेव्हा चारही ओळीनं, नंबर लावून पुठ्ठ्यावर खोच. मागच्या वेळेसारखे खिशात घालून आणलेस तर कोणता कुठला ते मलाही सांगता येणार नाही.